‘झालं का टेस्टिंग?’ याला काय उत्तर द्यायचं

सहा वर्षं सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे हाताने तपासणी, केली. आता सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत आठ जणांची टीम हाती आली आहे. आधी ऑटोमेशन शिकू की मॅनेजमेंट? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ऑटोमेशनची स्क्रिप्ट, म्हणजे तपासणी आपोआप करणारा कोड, वाचून ती नेमकं काय तपासते आणि काय सोडते, हे कळण्याइतपत शिका. रोज कोड लिहायला टीम आहे. तुमचा वेळ जायला हवा तो जोखीम ठरवण्यात.

एका फॉर्ममध्ये दहा रकाने आणि प्रत्येकात पाच पर्याय धरा. फॉर्म भरण्याचे सगळे वेगवेगळे प्रकार ९७ लाखांच्या वर जातात. म्हणजे काहीतरी सोडावंच लागणार. ते विचार करून सोडायचं, एवढंच आपल्या हातात असतं. प्रत्येक फीचरला दोन गुण द्या, १ ते ५ मध्ये: बिघडण्याची शक्यता किती आणि बिघडलं तर नुकसान किती. गुणाकार करून यादी लावा. शक्यता डेव्हलपरला विचारा, नुकसान धंद्याची बाजू सांभाळणाऱ्याला. टेस्टरने एकट्याने बसून भरलेला तक्ता बहुधा कोणी उघडूनही बघत नाही.

आणि यादी फीचरपाशी थांबवू नका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीने आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढवला, एक राहिला. १ ऑगस्टला त्या एकावर जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, कसं चढतं आणि चढल्यावर कोण तपासतं, हेही यादीत हवं.

डेव्हलपमेंट लांबतं, तारीख हलत नाही. आमच्या दहा दिवसांचे चार होतात. – टेस्ट लीड, लोकमान्यनगर

आधी ते दहा दिवस कुठून आले ते दाखवता यायला हवं. समजा, सगळं सुरळीत गेलं तर ६ दिवस, एरवी ९, फारच अडलं तर १८. मधल्या आकड्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करून सहाने भागा: १०. यात दुरुस्त झालेले बग (कोडमधल्या चुका) पुन्हा तपासण्याचा आणि सर्व्हर मिळेपर्यंत ताटकळण्याचा वेळ धरलाय ना? हमखास राहतो तो हाच.

तरीही चारच दिवस उरले, तर ‘करतो सर’ म्हणू नका आणि ‘होणार नाही’ही म्हणू नका. एक पान लिहा: चार दिवसांत यादीतलं इथपर्यंत तपासून होईल, याखालचं होणार नाही, त्यातून ग्राहकाला हा-हा त्रास संभवतो. मग रिलीज करायचं की नाही, हे ज्याचं प्रॉडक्ट त्याने ठरवावं, आणि लेखी. तो निर्णय गुपचूप आपल्या डोक्यावर घेणारे टेस्ट मॅनेजर मी बरेच पाहिलेत. शनिवार-रविवारही त्यांचेच जातात.

टेस्टरचं अप्रेझल बगच्या संख्येवर होतं. आता डेव्हलपर बोलत नाहीत. ताई, आमची टीम छोटी आहे, कसं निभवायचं?

तो नियम आधी काढा. संख्येला बक्षीस दिलं की एका बगचे तीन होतात आणि स्पेलिंगच्या चुका धो-धो येतात. त्याऐवजी रिलीजनंतर ग्राहकाकडे किती निसटले आणि ते का सापडले नाहीत, हे बघा, तेही टीमचं म्हणून. बग नोंदवताना पायऱ्या, सॉफ्टवेअरच्या कुठल्या बिल्डवर (आवृत्तीवर) आणि अपेक्षित काय होतं, हे असलं तर अर्धी भांडणं मिटतात. उरलेली सिव्हिअरिटी (बिघाड किती मोठा) आणि प्रायॉरिटी (दुरुस्ती किती तातडीची) यांच्या घोळातून येतात. पहिल्या पानावर कंपनीचंच नाव चुकलं तर बिघाड किरकोळ, दुरुस्ती तातडीची. वर्षातून एकदा लागणारा रिपोर्ट कोसळला तर बिघाड मोठा, पण थांबता येतं.

सर्टिफिकेट घ्यावं का?

आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं फाउंडेशन, म्हणजे पहिल्या पायरीचं, घ्या, शब्दसंपदा एकसारखी होते. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ गुण. परीक्षा मातृभाषेत नसेल तर २५ टक्के वेळ जास्त. टेस्ट मॅनेजमेंटची पुढची परीक्षा त्यानंतरच देता येते. टीम सांभाळणं मात्र नुसत्या परीक्षेने येत नाही.

टेस्टिंगला ग्राहकांचा खरा डेटा वापरला तर चालेल का?

नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी साधी गोष्ट: टेस्ट सर्व्हरवरून खऱ्या मोबाइल नंबरांना मेसेज जातात. नावं, नंबर, ईमेल बदलूनच डेटा घ्या, लांबी आणि साचा तोच ठेवा, आणि मेसेज-ईमेल बाहेर जाण्याची वाट टेस्ट सर्व्हरवर बंद करून घ्या.