चौदा जणांची इमॅजिका सहल

प्रश्न : आजी-आजोबांसह आम्ही 14 जण पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला बेताच्या खर्चात कसे जाऊ शकू?

उत्तर : सर्वांत मोठी बचत दिवस निवडण्यात आहे. शनिवार-रविवार आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्ट्या टाळून, शाळेला स्थानिक सुट्टी असेल असा मधल्या वारचा दिवस धरावा आणि तिकिटे आधीच काढावीत. मुलांचे तिकीट वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते, म्हणून उंची घरीच मोजून ठेवावी. दोन-तीन मोटारींपेक्षा 17 आसनी टेम्पो ट्रॅव्हलर बरी. पथकर एकाच वाहनाचा भरावा लागतो. द्रुतगती मार्गाने सकाळी निघून रात्री परतता येते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नको. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा न्याहारी गाडीतच उरकावी. पैसे वाचवण्यासाठी आजी-आजोबांना मात्र घरी ठेवू नका. ज्येष्ठांसाठी तिकिटाचा दर वेगळा असतो.