काळी चारमधली बाई आणि ब्रॉडवेचं गाणं

"मावशी, मी 43 वर्षांची, न्यू जर्सीत राहते. लहानपणी गाणं शिकले, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. इथे मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक-दोन भावगीतं म्हणते. आमच्या गावातल्या हौशी थिएटरने 'ब्यूटिफुल' हे अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगच्या आयुष्यावरचं म्युझिकल जाहीर केलंय. ऑडिशन तीन आठवड्यांनी आहे. तिची गाणी मला तोंडपाठ आहेत, पण नोटेशन वाचता येत नाही, पियानो येत नाही आणि इंग्रजीला मराठी वळण आहे. नवरा म्हणतो, 'तिथे आपल्याला कोण घेणार?' मुलगी नववीत आहे, शाळेच्या कॉयरमध्ये गाते. तिने तर 'आई, प्लीज!' म्हणून दारच लावून घेतलं. तेव्हापासून घरात विषय काढलेला नाही. गुपचूप जाऊन यावं असं वाटतंय. जाऊ का? आणि जायचं तर तयारी काय करू? — काळी चार"

ताई, जरूर जा. गुपचूप मात्र जाऊ नका, आणि याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. ऑडिशनच्या फॉर्मवर पुढच्या दोन-अडीच महिन्यांतल्या तुमच्या सगळ्या अडचणीच्या तारखा विचारतात. अशा म्युझिकलची तालीम साधारण आठ ते दहा आठवडे चालते. आठवड्यातून तीन संध्याकाळी, शिवाय बहुतेक रविवार. शेवटचा आठवडा, ज्याला ते 'टेक वीक' म्हणतात, त्यात रोज रात्री दहा-साडेदहापर्यंत थिएटरमध्येच. हे घरात लपणार कसं? त्या तारखा खोट्या भरल्या तर निवड झाल्यावर पंचाईत होते, आणि तारखा लपवणाऱ्या नटाला पुढच्या नाटकाला सहसा बोलावत नाहीत. म्हणून आधी कॅलेंडर उघडा. मुलीच्या कॉन्सर्ट, मंडळाचा गणपती, डिसेंबरचं भारताचं तिकीट, सगळं लिहून काढा आणि तो कागद घेऊनच यजमानांशी बोला. "मी करू का?" असं विचारायला बसू नका. "मंगळवार आणि गुरुवारचा स्वयंपाक कोणी करायचा?" एवढंच ठरवायला बसा.

'आपल्याला कोण घेणार' या शंकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हौशी थिएटरमध्ये बायकांची गर्दी आणि पुरुषांची वानवा असते, त्यामुळे तुमच्यासमोर स्पर्धा खरीच आहे. (यजमानांना जरा सूर-लय असेल तर त्यांच्या हातातही एक फॉर्म द्या. त्यांची निवड तुमच्या आधी होईल.) पण या नाटकात कोणत्या भूमिका आहेत ते नीट पाहिलं, तर तुमची जागा कुठे आहे ते दिसतं.

कथा साधारण 1958 ते 1971 अशी चालते. ब्रुकलिनची 16 वर्षांची मुलगी आपलं गाणं घेऊन 1650 ब्रॉडवे या पत्त्यावर, प्रकाशक डॉन कर्शनरच्या ऑफिसात जाते. तिथून गीतकार जेरी गॉफिनशी लग्न, दोघांची एकामागून एक हिट गाणी, संसाराची मोडतोड, आणि 29 व्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये एकटीने पियानोवर. म्हणजे कॅरोल 16 ते 29. हौशी रंगभूमीवर पस्तिशीची कॅरोल सर्रास चालते. 43 ला दार बंद नसलं तरी फट लहान आहे. शिवाय ही भूमिका जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असते, त्यामुळे पहिल्याच नाटकात तिचा हट्ट धरू नका.

तुमच्या वयाला आणि तुमच्या पत्रातल्या त्या खोचक विनोदाला शोभणारी भूमिका म्हणजे कॅरोलची आई, जीनी क्लाइन. मुलीने गाण्यांच्या मागे न लागता शिक्षिका व्हावं म्हणून टुमणं लावणारी आई! मराठी घरात वाढलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. इथे गळ्यापेक्षा टायमिंग महत्त्वाचं. दुसरी आहे सिंथिया वाइल, तोंडाळ, चटपटीत, उत्तम कपड्यांतली गीतलेखिका. तिला गाणंही भरपूर आहे आणि नर्म विनोदही. लहान भूमिकांत कॅरोलची मैत्रीण बेटी आहे. फॉर्मवर 'जीनी, सिंथिया, एन्सेम्बल' (म्हणजे समूहात गाणारे-नाचणारे) असं लिहा. 'कोणतीही भूमिका चालेल' या रकान्यात खरोखर चालणार असेल तरच खूण करा. भूमिका स्वीकारून चार दिवसांनी माघार घेणं हे तिथे फार वाईट दिसतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. शिरेल्स आणि ड्रिफ्टर्स हे गायकगट, लिटल इव्हा आणि जनेल वूड्स या गायिका, या भूमिका कृष्णवर्णीय कलाकारांच्या आहेत आणि त्या तशाच राहायला हव्यात. शिरेल्सचं 'विल यू लव्ह मी टुमारो' जानेवारी 1961 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आपण सावळे आहोत म्हणून त्या रांगेत उभं राहू नये. दिग्दर्शकाने स्वतः विचारलं तरी नाही म्हणा.

आता गाणं. जाहिरातीत 'सोळा बार' किंवा 'बत्तीस बार' लिहिलेलं असेल. चार मात्रांचा एक बार, म्हणजे सोळा बारच्या 64 मात्रा. मिनिटाला 120 च्या लयीत ते 32 सेकंदांत संपतं. संथ, 72 च्या लयीत जेमतेम 53 सेकंद. तुमची सवय भावगीताची, म्हणजे आलाप, मुखडा, मग हळूहळू रंग भरणं. इथे रंग भरायला सवडच नाही. त्या काळातली बरीच पॉप गाणी आठ-आठ बारच्या चार तुकड्यांची असतात. पहिले दोन सारखे, तिसऱ्यात चाल बदलते, चौथ्यात परत मूळ चालीवर. तुम्ही तिसऱ्यापासून सुरू करा आणि शेवटाला संपवा. आवाजाची उंची आणि गाण्याचा शेवट दोन्ही ऐकवून होतात.

नाटकातलंच गाणं चालेल का, ते जाहिरातीत वाचा. चालत असलं तरी 'नॅचरल वुमन' नेऊ नका, परीक्षकांनी त्या संध्याकाळी ते पोटभर ऐकलेलं असेल. त्याच काळातलं, त्याच घाटाचं दुसरं घ्या. बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिडचं 1964 चं 'वॉक ऑन बाय' मधल्या आवाजाला छान बसतं. नील सेडाकाचं 1962 चं 'ब्रेकिंग अप इज हार्ड टू डू' हलकंफुलकं आहे, जीनीच्या खट्याळपणाला शोभेल.

पट्टीचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडून आलेल्या गायिका नेमक्या इथेच अडकतात. तुमची काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, हा त्यांचा ए-फ्लॅट. कॅरोल किंगने 'यू'व्ह गॉट अ फ्रेंड' नेमकं त्याच पट्टीत रेकॉर्ड केलंय. पण म्हणून ते तुम्हाला बसेलच असं नाही. आपल्याकडे सा ठरला की गाणं ठरतं, कारण चाल त्या सा भोवती आपल्या गळ्याला बेतून फिरते. पॉप गाण्यात सा कुठेही असो, चाल किती वर चढते आणि किती खाली उतरते हे पाहायचं. पेटी घ्या, निवडलेल्या तुकड्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर शोधा. वरचा स्वर सकाळी, गळा तापलेला नसताना, खुल्या आवाजात लागतो का पाहा. लागत नसेल तर अख्खं गाणं एक-दोन सूर खाली आणा. हे काम कागदावर व्हायला हवं. ऑडिशनला वाजवणारा पियानिस्ट समोरचा कागद वाचतो. 'दोन सूर खाली घ्या ना' असं त्याला सांगितलं तर बहुतेक वेळा घोळ होतो, आणि त्या घोळात गाणारी बाईच वाईट दिसते. म्युझिकनोट्ससारख्या साइटवर हव्या त्या पट्टीतली प्रत विकत मिळते, साधारण पाच-सहा डॉलरमध्ये.

ती प्रत तीन रिंगांच्या फाइलमध्ये, दोन पानं समोरासमोर येतील अशी लावा, म्हणजे पान उलटावं लागणार नाही. सुरुवात आणि शेवट जाड पेनाने दाखवा, मधलं गाळलेलं पूर्ण खोडा. झेरॉक्स काढताना खालची ओळ कापली जाते, तीच पियानोच्या डाव्या हाताची. ती कापली गेली तर त्या बिचाऱ्याने वाजवायचं काय? पियानिस्टजवळ गेलात की लय टाळीने किंवा चुटकीने सांगू नका, ते त्यांना उद्धट वाटतं. पहिली ओळ हळू आवाजात गुणगुणून दाखवा.

नोटेशन वाचता येत नाही याची एवढी धास्ती नको. संगीत दिग्दर्शक तालमीला सहसा रेकॉर्डिंग देतात. खरी अडचण वेगळी आहे. आपण सगळे एकच चाल गातो. इथे एन्सेम्बलमध्ये शेजारची बाई एक सूर धरते आणि तुम्ही दुसरा, आणि ऑडिशनला हेच तपासतात. तेव्हा रोज दहा मिनिटं हे करा. पेटीवर सा दाबून ठेवा आणि तुम्ही ग धरा. मग पेटीवर सा-रे-सा वाजवा, तुमचा ग हलू देऊ नका. ते जमलं की मुलीच्या दारावर टकटक करा. ती कॉयरमध्ये आहे, म्हणजे तिला हे रोजचं आहे. तिने मूळ चाल म्हणायची, तुम्ही वरची. तिला लाज वाटली ती तुमच्या गाण्याची नसावी. शाळेतल्या मैत्रिणींसमोर आई स्टेजवर, याची असावी, आणि नववीत ती वाटणारच. पण आईला सुरात ठेवायचं काम तिच्याकडे आलं, की चिडवण्याचा हक्कही तिलाच मिळतो. नववीतल्या मुली हा सौदा सहसा सोडत नाहीत.

गाताना मींड आणि मुरक्या काढून टाका. तालमीत स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. दोन सुरांमध्ये कुठे घसरगुंडी होते आणि शब्दाच्या शेवटचं अक्षर कुठे गिळलं जातं, एवढंच शोधा. पॉप गाण्यात शब्द पोचला पाहिजे, शेवटचा ट आणि ड सुद्धा. तुमचा खुला, छातीतला आवाज मात्र सोडू नका, या नाटकाला तोच हवा आहे. पियानो येत नसल्याची काळजी जीनी किंवा सिंथियासाठी नाही. कॅरोललासुद्धा बऱ्याच ठिकाणी फक्त हात पटतील असे हलवावे लागतात, आवाज खालच्या वाद्यवृंदातून येतो.

उच्चाराचं म्हणाल, तर ब्रुकलिनचा हेल काढायचा प्रयत्न करू नका. उसना हेल तिसऱ्या वाक्याला गळून पडतो. आपल्याच इंग्रजीत, सावकाश, स्पष्ट वाचा. ऐन वेळी संवादाचं पान हातात देतील. ते छातीच्या उंचीवर धरा, अंगठा ओळीवर ठेवा आणि वाक्याचा शेवट समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणा. एकदा वाचून झाल्यावर दिग्दर्शक म्हणेल, "आता हेच चिडून करा," किंवा "हसू दाबत करा." पहिलं चुकलं म्हणून तो हे सांगत नाही. तुम्ही सांगितलेलं ऐकता का आणि बदलता का, हे त्याला पाहायचं असतं. बदल ठळक करा, थोडा जास्त झाला तरी चालेल. त्यांना दहा आठवडे तालीम करवून घ्यायची आहे. सांगितलं ते दुसऱ्या क्षणी करून दाखवणारी मध्यम गायिका, हटवादी उत्तम गायिकेपेक्षा आधी घेतली जाते.

त्या दिवशी काचेच्या बांगड्या घरी ठेवा, पेटीवर वाजत नसल्या तरी तिथल्या शांततेत त्या फार वाजतात. गडद एकरंगी कपडे, गुडघ्याखाली स्कर्ट, केस बांधलेले. नाचाची चाचणी असेल तर घट्ट बसणारे, न घसरणारे बूट. गाताना परीक्षकांच्या डोक्यावरून भिंतीवरच्या एका ठिकाणी बघा. शब्द विसरलात तर थांबू नका, ला-ला करत पुढच्या ओळीला पकडा. पियानो तुमच्याबरोबर येतो. 'सर्दी झालीय' वगैरे सुरुवातीला सांगू नका, आणि गाणं संपल्यावर तोंड वाकडं करू नका. परीक्षक ते लिहून ठेवतात.

मग दुसऱ्या फेरीला बोलावणं येईल किंवा नाही. नाही आलं म्हणजे गेलं, असं धरू नका. कित्येकदा लहान भूमिका पहिल्या फेरीतच ठरतात. निकालाची ई-मेल आली की भूमिका हो किंवा नाही, एका दिवसात कळवा. नाव नसलं तर एका ओळीत आभार माना. त्याच रात्री 'का नाही घेतलं?' अशी ई-मेल मात्र पाठवू नका. वेशभूषेला आणि रंगमंचामागच्या कामाला माणसं कमीच असतात. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ द्या, पुढच्या ऑडिशनला दिग्दर्शकाला तुमचं नाव माहीत असेल.

आणि हो, यजमानांना सांगा, गॉफिन आणि किंग लग्नानंतर न्यू जर्सीतच राहायला आले होते, वेस्ट ऑरेंजला. तिथल्या प्लेझंट व्हॅली वे या रस्त्यावरून त्यांनी 'प्लेझंट व्हॅली संडे' लिहिलं, आणि ते या नाटकात आहे. तो रस्ता तुमच्या घरापासून फार लांब नसावा. रविवारी तिघंही गाडीतून जाऊन या. परत येताना मूळ चाल मुलीला म्हणायला लावा, वरची तुम्ही.