लोहचुंबकाच्या आकाराने त्याची ताकद बदलते का?

हो, बदलते, आणि चांगलीच. तुम्ही विचारलंय की एकाच वजनाचा चपटा, लांब आणि नालाच्या आकाराचा चुंबक सारखंच ओढतील का. नाही ओढणार. ताकदीचा साठा चुंबकाचा पदार्थ ठरवतो, पण तो कुठे आणि किती एकवटून बाहेर पडेल हे आकार ठरवतो.

नालाचे दोन्ही ध्रुव शेजारी येतात, लोखंड दोन्हींना एकदम चिकटतं, म्हणून पकड घट्ट. सरळ पट्टीचा एकच ध्रुव कामाला येतो.

गोल कांडीचं गणित मला फार आवडतं. लांबी व्यासाइतकी झाली, की पुढे ती दुप्पट केली तरी टोकाच्या मध्यावरचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे चुंबकाचा तिथला जोर, जेमतेम ८ टक्के वाढतं. पैसे मात्र दुप्पट! उलट फार पातळ चकती स्वतःच्याच उलट्या क्षेत्राने कमकुवत होते, गरम झाली तर आणखीच.

आमच्या लातुरात डाळ मिलमध्ये धान्यातले खिळे, तारांचे तुकडे चुंबकाने वेचतात. तिथे नुसता मोठा चुंबक घेऊन भागत नाही. धान्याचा थर पातळ हवा, कारण अंतर वाढलं की ओढ झपाट्याने घसरते.

जुना, बिघडलेला स्पीकर खोलून बघा. आतल्या चुंबकाच्या काळ्या कडीला दोन बाजूंनी लोखंडी चकत्या असतात. मधल्या फटीत स्क्रू ड्रायव्हर नेला की तो खटकन ओढला जातो. चकत्या काढून नुसती कडी धरा, ती जोरदार पकड राहत नाही.