कोंबड्यांच्या पूरक खाद्यासाठी ठेव मोडावी का?

पेडणे तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. शेडमध्ये अंड्यांवरच्या 400 कोंबड्या, वय 52 आठवडे, रोजची सुमारे 300 अंडी, दर नगाला 8 रुपये. शेवगा, हळद, लसूण, मेथी यांची भुकटी खाद्यात घातली की अंडी वाढतात, बलक गडद होतो, कवच जाड होतं, असं विक्रेता सांगतो. किलोला 450 रुपये. वर्षाचा 80 किलो माल एकदम उचलला तर 360. त्यासाठी मुलीच्या प्रवेशाला ठेवलेली मुदतठेव मोडावी का?

ताई, ठेव मोडू नका.

हिशेब अंड्यामागे करा. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते, म्हणजे तुमच्याकडे रोज 44 किलो खाद्य लागतं. किलोला 5 ग्रॅम या सांगितलेल्या प्रमाणाने महिन्याला 6.6 किलो भुकटी, 2,970 रुपये. अंड्यामागे 33 पैसे झाले. हे पैसे एक तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं गिऱ्हाईक देईल, नाही तर रोज 12-13 अंडी जास्त मिळायला हवीत. यातलं काहीच झालं नाही तर खर्च तुमच्याच नफ्यातून जाईल.

सवलत 7,200 रुपयांची दिसते खरी. पण कळप 72 ते 80 आठवड्यांना काढावा लागतो. तोवर भुकटी फार तर 43 किलो संपेल. उरलेला किमान तेरा हजारांचा माल नवी पिल्लं अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे आणखी 18-20 आठवडे, पडून राहील. आणि आपल्याकडचा पावसाळा! उघडलेल्या पोत्यात गुठळ्या होतात, बुरशी धरते, आणि बुरशीचं खाद्य कोंबडीच्या यकृतावर जातं.

कवचाचं म्हणाल तर ते मुख्यतः कॅल्शियमचं काम आहे. वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, कवचाला मिळणारं कॅल्शियम मात्र फारसं वाढत नाही, म्हणून ते पातळ पडतं. कवच रात्री घडतं. तेव्हा शिंपल्यांची जाडसर चुरी दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ठेवा. धुऊन वाळवलेले शिंपले आपल्या किनाऱ्यावर काही महाग नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंबडी कमी खाते आणि धापा टाकते, त्यानेही कवच बिघडतं. आधी गार पाणी आणि वारा बघा.

बलकाचा रंग मात्र खाद्यातूनच येतो. पिवळा मका, शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांनी तो दोनेक आठवड्यांत गडद दिसतो. हळदीचा त्यात फारसा वाटा नाही. शेवगा तुमच्या परसात असेल तर त्यासाठी 450 रुपये किलो का मोजायचे? गडद बलक गिऱ्हाइकाला आवडतो, पण त्याने अंडं जास्त पौष्टिक होतं असं सांगून विकू नका.

तरीही पारखून बघायचंच असेल तर 100 कोंबड्या वेगळ्या काढा आणि त्यांना सहा आठवडे द्या. अडीच किलो पुरेल, सव्वाअकराशे रुपये. बाकीच्यांचं खाद्य, पाणी, उजेड अगदी तसंच ठेवा. दोन्हीकडची अंडी, फुटलेली अंडी आणि उरलेलं खाद्य रोज वहीत लिहा. लसणाचा वास अंड्याला लागतो का, तेही घरात उकडून पाहा. वेगळ्या केलेल्या शंभरांची अंडी आता रोज 75 च्या आसपास असतील. ती 78 च्या वर टिकली किंवा गिऱ्हाइकाने अंड्याला 50 पैसे जास्त दिले, तर महिन्यापुरताच माल घ्या, तोही अंड्यांच्या पैशातून.