ट्रॅव्हल कार्ड की कॅशबॅक? आईच्या काशीयात्रेचा हिशेब सांगतो

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीत नोकरी, महिन्याला वीस-पंचवीस हजार क्रेडिट कार्डाने जाणार, वर्षाकाठी एखादी सहल आणि गणपती-शिमग्याला गाव. तर विमानाचे पॉईंट देणारं ट्रॅव्हल कार्ड घ्यावं की खर्चाचे काही टक्के रुपयांत परत देणारं कॅशबॅकचं, आणि फी भरून कार्ड घेण्यात अर्थ आहे का?

कॅशबॅकचं घ्या. फीवालं घेऊ नका. उत्तर एवढंच आहे, पण हा प्रश्न माझ्या घरात दोन वर्षं धुमसतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. आमचा पैसा वर्षातून एकदा येतो, एप्रिल-मेमध्ये, वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की. जातो मात्र बारा महिने. नोव्हेंबरपासून फवारण्या सुरू होतात. तुडतुडे, फुलकिडी, भुरी, प्रत्येकाचं औषध वेगळं. मग खत, राखणदाराचा पगार, पेट्या, खोकी, टेम्पो.

२०२१च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. त्याच वर्षी भाऊबीजेला माझा मेहुणा आला. ऐरोलीला आयटीत आहे, महिन्यातून दोनदा कंपनीच्या कामाने बंगळूर-हैदराबादला जातो. जेवण झाल्यावर ओटीवर बसून म्हणाला, "भावोजी, एवढा खर्च तुम्ही करताच. तोच कार्डाने करा. दोन वर्षांत आईंना फुकटात विमानाने काशीला न्याल." आईने ते आतून ऐकलं. तिचं वय तेव्हा ७१. ती कधी विमानात बसलेली नव्हती आणि काशीला जायचं तिच्या मनात बाबा गेल्यापासून होतं. मी कार्ड घेतलं.

कार्डाची फी वर्षाला ३,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. शंभर रुपयांना २ पॉईंट. कार्ड घेतल्याबद्दल २,००० पॉईंट आधीच जमा. पेट्रोल, विमा आणि लाईट बिलावर पॉईंट नाहीत, हे बारीक अक्षरात होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. पॉईंट न देणाऱ्या खर्चांची यादी प्रत्येक बँकेची वेगळी असते.

आता जिथे मी खरा बुडालो ते सांगतो. औषधं-खतं मी ज्या दुकानातून घेतो, तिथे रोख किंवा खात्यातून यूपीआय केलं तर बिलाची रक्कम तेवढीच. क्रेडिट कार्ड स्वाइप केलं की वर दोन टक्के. नियमात बसत नसेल, पण आपल्याकडच्या बाजारपेठेत अजून हे सर्रास चालतं आणि उधारीवर औषध देणाऱ्या माणसाशी कोण भांडणार? मी पॉईंटांसाठी म्हणून स्वाइप करत गेलो. एक लाखाची औषधं घेतली की दोन हजार रुपये जास्त द्यायचे आणि बदल्यात दोन हजार पॉईंट घ्यायचे. तेव्हा एक पॉईंट म्हणजे तिकिटापुरता एक रुपया होता, म्हणून निदान बरोबरी तरी होते असं मी धरून चाललो होतो. २०२३च्या एप्रिलमध्ये बँकेचा ईमेल आला की यापुढे विमानाच्या तिकिटाला एक पॉईंट पन्नास पैशांचा आणि बाकी कशालाही पंचवीस पैशांचा. आंब्याचा भर हंगाम, ईमेल कोण बघतो! मला ते कळलं सप्टेंबरात.

२०२३चे गणपती. गौरी-गणपतीला मेहुणा बायको-पोरांना घेऊन आमच्याकडे आला होता. गौरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप घेऊन ओटीच्या कोपऱ्यात बसला, कारण घरात रेंज तिथेच येते. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासची तिकिटं बघायची होती. आईने आधारकार्ड आणून ठेवलं. तिचं आधारकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं असतं, वर रबर. तिने रबर काढलं, पिशवी उलगडली, कार्ड पदराला पुसलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवून उभी राहिली.

चिपीहून काशीला थेट विमान नव्हतं, मुंबईला बदलायचं होतं. आई एकटी जाणार नाही, म्हणजे दोन माणसं, जाऊन-येऊन. पॉईंट वापरायचे तर तिकीट बँकेच्याच पोर्टलवर काढायला हवं. तिथे आकडा आला ४१,३६०. तीच विमानं, त्याच तारखा, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ३८,२००. माझे बावीस महिन्यांचे पॉईंट १०,४००. पन्नास पैशांनी ५,२००. म्हणजे खिशातून ३६ हजारांच्या वर जाणार होते, आणि त्यातले तीन हजार निव्वळ पोर्टलवर तिकीट काढतोय म्हणून.

आई म्हणाली, "फुकट म्हणालेलंस मां?"

मेहुणा तिला कन्व्हर्जन समजावून सांगायला लागला. पॉईंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात, दोनाला एक, मग सीट मिळाली तर... आईने थोडं ऐकलं. मग आधारकार्ड उचललं, पिशवीत घातलं, रबर लावलं. "माका इमान कित्याक? माका गंगा होयी," एवढं म्हणून आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. दोन वर्षं मी तिला "आणखी थोडे पॉईंट होऊ देत" म्हणत थांबवून ठेवली होती. त्या दोन वर्षांत तिचा उजवा गुडघा गेला. २०२१च्या डिसेंबरात मी रेल्वेचं तिकीट काढलं असतं तर ती घाटाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरली असती.

त्या रात्री मी वही काढून हिशेब मांडला. दोन वर्षांची फी ७,०८०. खताच्या दुकानात १,८०,००० स्वाइप केले, त्याचे दोन टक्के ३,६००. बेरीज १०,६८०. मिळाले ५,२००, तेही विमानाने गेलो तर. पॉईंट मिळणारा माझा एकूण खर्च ४,२०,००० होता. साधं, बिनफीचं, एक टक्का कॅशबॅकचं कार्ड असतं तर ४,२०० रुपये बिलातून वजा झाले असते आणि वार्षिक फीपोटी एक रुपयाही गेला नसता.

यात मी व्याज धरलेलं नाही, कारण ते कुठल्याही कार्डावर लागलं असतं. पण तेही सांगतो, कारण आपल्याकडे हंगामी उत्पन्नाची माणसं फार आहेत, मासेमारीवालेही त्यात आले. २०२३च्या जानेवारीत बिल आलं ६२,००० आणि हातात पैसा नव्हता. मी 'किमान देय' म्हणून दाखवलेले ३,१०० भरले आणि भरलं बिल असं समजलो. पुढच्या बिलात व्याज नि त्यावरचा जीएसटी मिळून चार हजार दोनशे. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आणि ते बिलाच्या शेवटच्या तारखेपासून लागत नाही. प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि जुनं पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. याच बागेच्या खर्चाला किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर चार टक्क्यांनी पडतं. बायको मला तेच सांगत होती. मी पॉईंटांच्या मागे होतो.

आता मेहुण्याचं म्हणणं. तो आजही म्हणतो, "भावोजी, कार्ड वाईट नाही, तुम्हाला वापरता आलं नाही." हे वाक्य मी तीन गणपती ऐकतोय, म्हणून त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो. तो विमानाची तिकिटं आणि हॉटेलची बिलं स्वतःच्या कार्डाने भरतो आणि कंपनी त्याला ते पैसे परत देते. खर्च कंपनीचा, पॉईंट त्याचे. तो दर महिन्याला विमानतळावर असतो, म्हणून कार्डावर मिळणारा लाउंज, म्हणजे तिथला आरामकक्ष, तोही त्याला लागतो. तारखा पुढे-मागे करून सीट शोधायला त्याच्याकडे वेळ आहे. त्याला ते कार्ड शोभतं. पण माझ्यासारख्या बागायतदाराचा पैसा स्वतःचा असतो, आणि तो वर्षातून एकदा प्रवास करतो तोही सणाच्या गर्दीत, जेव्हा तिकिटं सगळ्यात महाग असतात. त्याला पॉईंटांची सीट कुठून मिळणार? हे त्याने मला २०२१मध्ये विचारायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं.

पॉईंट हे बँकेच्या घरचं चलन आहे. त्याचा भाव बँक ठरवते, मुदतही बँक ठरवते. माझे पॉईंट दोन वर्षांनी बाद होणारे होते, आणि नोव्हेंबरपासून जुने जुने गळायला लागले. शेवटी उरलेल्या सहा हजारांचं दीड हजाराचं व्हाउचर घेतलं, त्यावरही ९९ रुपये आणि जीएसटी. विमान कंपनीच्या खात्यात वळवले तर आणखी एकावर भरवसा ठेवावा लागतो. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ला बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली आणि लोकांचे पॉईंट दुसऱ्या योजनेत गेले. रुपया बिलातून वजा झाला की विषय संपला.

आईला मी डिसेंबर २०२३मध्ये नेली. कणकवलीहून कोकणकन्या, मुंबईत एक दिवस मुक्काम, मग महानगरीने काशी. तिसऱ्या वर्गाच्या एसीत दोघांचं जाणं-येणं बारा हजारांच्या आत बसलं. मुक्काम मेहुण्याकडेच होता. त्याच्या बायकोने आईला वाटेसाठी घावणे बांधून दिले आणि त्याने स्वतः स्टेशनवर पोचवलं, हे मी नाकारत नाही. माणूस चांगला आहे, त्याचा सल्ला चुकीचा होता. दशाश्वमेध घाटावर मी आणि एक नावाडी, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून आईला पाण्यापर्यंत नेलं.

परत आल्यावर ते कार्ड बंद केलं. थकबाकी शून्य करा, मग लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फोनवर "फी माफ करतो, ठेवा" म्हणतील. ऐकू नका.

२०२४पासून बिनफीचं कॅशबॅक कार्ड वापरतोय. पहिल्या वर्षी ऑनलाइन ४०,००० गेले, त्यावर ५ टक्क्यांनी २,०००. बाकी १,७०,०००वर एक टक्क्याने १,७००. एकूण ३,७००, आपोआप बिलातून वजा. दोन टक्के वर लावणाऱ्या दुकानात आता यूपीआय करतो.

कॅशबॅकवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही. पाच टक्के मोठ्या अक्षरात आणि महिन्याची कमाल मर्यादा बारीक अक्षरात असते, पेट्रोल, घरभाडं, विमा इथेही बहुधा वगळलेले असतात. आणि आपल्या गावांतून दुकानात स्वाइप मशीन कमी, क्यूआर जास्त, म्हणून कार्ड रूपेचं (व्हिसा-मास्टरकार्डसारखं आपल्या देशातलं नेटवर्क) आहे का बघा. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. पैसे दुकानाच्या क्यूआरलाच जातात, कुणाच्या मोबाइल नंबरला नाही. मात्र अशा खर्चावर कॅशबॅक देतात का, हे आधी विचारून घ्या, सगळे देत नाहीत.

ट्रॅव्हल कार्डातलं एकच आपल्या उपयोगाचं वाटतं, ते एसबीआयचं आयआरसीटीसी कार्ड. त्याचा एक पॉईंट रेल्वेच्या तिकिटाला एक रुपया. तुम्ही दर दोन महिन्यांनी रत्नागिरी-मुंबई एसीने करत असाल तर विचार करा. फक्त पॉईंट आहेत म्हणून गणपतीचं तिकीट कन्फर्म होत नाही. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठला सगळं कोकण एकाच साइटवर असतं.

तुमची ती वर्षाची एक सहल परदेशात असेल तर गोष्ट थोडी बदलते, कारण बहुतेक कार्डं परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास वर लावतात. तसं असेल, किंवा तुमचीही कंपनी प्रवासाचे पैसे परत देत असेल, तर खाली लिहा. गेल्या बारा महिन्यांचा खर्च किराणा, पेट्रोल, ऑनलाइन, विमा असा वेगळा करून द्या, मी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून देतो.