शाळेत प्रयोग दाखवायला जाणं सोडू का?

प्रश्न : ताई, मी नांदेडला कंप्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माणूस बघतो कसा ते समजून घेऊन त्यावरून कंप्युटर व्हिजनमध्ये, म्हणजे कंप्युटरला चित्रं बघून ओळखायला शिकवण्यात, रिसर्च करायचाय. सुट्टीत मी गावच्या झेडपी शाळेत पोरांना प्रयोग दाखवते, पण आमचे सर म्हणतात हे सोड, आधी रिसर्च पेपर काढ. काय करू?

उत्तर : अजिबात सोडू नकोस गं. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, मलाही हेच ऐकवलं गेलंय आणि तेव्हा खूप वाईट वाटलं होतं.

एकदा मी शाळेत चौथीच्या वर्गात पोरांना कागदावर डावीकडे फुली आणि सात सेंटिमीटरवर उजवीकडे ठिपका काढायला लावला, डावा डोळा बंद करून फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणायचा, फूटभराच्या थोडं आत आला की ठिपका गायब होतो कारण तिथे डोळ्याचा आंधळा बिंदू, म्हणजे प्रकाश न टिपणारी जागा, असते. सगळी पोरं ओरडायला लागली आणि एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मग तिथं भोक का नाही दिसत?" आजूबाजूचं बघून मेंदू ती जागा भरून काढतो हे मी पुस्तकात वाचलेलं, पण प्रश्न म्हणून तो मला तिने दिला, आणि आज मी अर्धवट झाकलेल्या वस्तू मॉडेलला (चित्रं ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रॅमला) कशा ओळखता येतील यावरच काम करतेय.

प्रोजेक्ट प्रकाशबद्दल नक्की वाच. अमेरिकेतल्या एमआयटीतले पवन सिन्हा यांनी सुरू केलेला, आपल्याकडच्या जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांची ऑपरेशनं करायची आणि नजर आल्यावर ती बघायला कशी शिकतात ते अभ्यासायचं. 2011 च्या त्यांच्या पेपरात 8 ते 17 वयाची 5 मुलं आहेत, हाताने चाचपलेली वस्तू त्यांना सुरुवातीला नुसती बघून ओळखता येईना पण काही दिवसांतच जमायला लागलं. मग 2018 मध्ये याच ग्रुपने न्यूरल नेटवर्कला, म्हणजे अशाच एका मॉडेलला, तान्ह्या बाळासारखे आधी धूसर चेहरे दाखवले आणि नंतर स्पष्ट, तर ते थेट स्पष्ट चेहऱ्यांवर शिकलेल्यापेक्षा चांगलं निघालं. म्हणजे दवाखान्यातल्या मुलांपासून निघालेला विचार थेट मॉडेलच्या ट्रेनिंगपर्यंत गेला, मग लोकांत जाणं हे रिसर्चच्या बाहेरचं काम कसं?

सरांशी भांडू नकोस, पेपर लागतोच. त्यासाठी एक सुचवते. 2019 च्या एका अभ्यासात मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवली, तर माणसं मांजर म्हणाली आणि नेटवर्क हत्ती, कारण ते आकारापेक्षा पोत जास्त बघतं. तुझ्या शाळेतल्या पोरांकडून शेळी, बैल, कोंबडी नुसत्या रेषांनी काढून घे, दुसऱ्या वर्गाला ओळखायला लाव आणि तीच चित्रं तयार मॉडेलला दे, कोण कुठे चुकतंय ते मांड, कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढं भरपूर आहे. मुख्याध्यापकांची लेखी आणि पालकांची परवानगी आधी घे, पोरांचे फोटो नकोत, नावंही नकोत, फक्त चित्रं. आणि ओळखताना पोरं जे बोलतील, "शिंगं बघून कळलं", "शेपटी वर आहे म्हणून", ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेव.