घड्याळातला आकडा सोडा, श्वासाकडे लक्ष द्या

प्रश्न : वय ७०. अँजिओप्लास्टी झाली आहे, मेटोप्रोलॉल चालू आहे. रोज पहाटे ४० मिनिटं झपाझप चालतो, तरी मनगटी घड्याळात नाडी १०० च्या वर जात नाही. २२० वजा वय, त्याचे ८० टक्के, म्हणजे १२० हवी ना? शिवाय चालून बाकावर टेकलो की उठताना अंधारी येते. – एक वाचक, सातारा

उत्तर : १२० च्या मागे लागू नका. मेटोप्रोलॉल नाडीचा वेग आवरून धरतं, ते त्याचं कामच आहे. हे औषध घेणाऱ्याला २२० चा हिशेब लागू पडत नाही, आणि आकडा गाठायला वेग वाढवणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा चालता चालता अभंगाची एक ओळ म्हणून बघा. आरामात गाता आली तर वेग थोडा वाढवा. गाता येत नाही, पण सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येतं, हा योग्य वेग. दोन-तीन शब्दांनंतर दम घ्यावा लागला, तर लगेच हळू व्हा.

अंधारीकडे मात्र दुर्लक्ष नको. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की ते पायांत साचतं आणि बीपी उतरतं. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनी हा उतार वाढतो. म्हणून शेवटची १० मिनिटं रमतगमत चाला. बसल्यावर चवडे-टाचा १५-२० वेळा वरखाली करा, मगच उठा. सुरुवातीची १० मिनिटंही अशीच संथ हवीत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा ऊन पडल्यावर निघा.

एवढं करूनही त्रास राहिला, तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. मेटोप्रोलॉल अचानक सोडल्याने छातीत दुखणं उलटू शकतं, झटकाही येऊ शकतो. चालता चालताच अंधारी आली, तर तपासणी होईपर्यंत व्यायाम थांबवा. छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, थंड घाम यांपैकी काही झालं तर बसा आणि १०८ ला फोन करा. घरापर्यंत चालत जाऊ नका.

प्रश्न : वय ६६, बीपी आहे. गुडघ्यांमुळे चालणं होत नाही. घरी खुर्चीवरून उठबस केली तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर करा. खुर्ची भिंतीला टेकवा, बैठक उंच ठेवा म्हणजे गुडघ्यांवर ताण कमी येतो. उठताना तोंडाने श्वास सोडा. बहुतेकजण इथे श्वास कोंडतात आणि बीपी उसळतं. मोठ्याने आकडे मोजलेत की श्वास कोंडणार नाही. आठ-दहा वेळा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा तेवढंच, दिवसाआड पुरे. बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी मात्र नको, आधी डॉक्टरांना विचारा.